जर्मनीत निर्वासित विद्यार्थ्याला विद्यापीठात शिकायला पैसे कुठून मिळतात? सोबत उभं राहणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने माहिती

आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी जर्मन बोलायचा सराव करणाऱ्यांचा एक गट जमतो. तिथे मला काबूलची एक मुलगी भेटली. माझं आडनाव ऐकल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "पुणे?" तिचा मोठा भाऊ पुण्यात बी.कॉम. करून गेला होता. त्याच्याकडून तिने दोन मराठी शब्द उचलले होते, "ताई" आणि "चला". त्या दिवसापासून मी तिची ताई झाले.

तिला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकायचं होतं. जर्मन चांगलं येत होतं, बारावीचे गुण चांगले होते, निर्वासित म्हणून मान्यताही मिळालेली होती. अडत होतं ते पैशांपाशी. म्हणजे पैसे नव्हते असं नाही. ते कोणत्या दारावर, कोणत्या तारखेच्या आत मागायचे हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. एका महिन्याच्या उशिरापायी तिचे ९९२ युरो कायमचे गेले. तो महिना तिने कसा काढला ते मी पाहिलंय. त्यानंतर आणखी चार मुलांच्या अर्जांना मी बसले. जर्मनीत शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या बऱ्याच मराठी मंडळींच्या वर्गात, शेजारात, कामावर असं कुणीतरी असतंच, आणि "जरा फॉर्म भरायला मदत करशील का?" हा प्रश्न कधीतरी येतोच. त्या वेळी हे हाताशी असू द्या.

१. आपला स्टुडंट व्हिसाचा अनुभव बाजूला ठेवा

आपण भारतातून शिकायला येतो तेव्हा ब्लॉक अकाउंट, म्हणजे महिन्याला ठराविकच रक्कम काढता येणारं बँक खातं, उघडतो, त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरतो, आपल्या गुणपत्रिका खऱ्या असल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र काढतो. मग कुणी विचारलं की तेच सांगत सुटतो. निर्वासित विद्यार्थ्याला व्हिसासाठी ब्लॉक अकाउंट दाखवावं लागत नाही, कारण तो व्हिसावर आलेलाच नाही. त्याच्या राहण्याचा हक्क वेगळ्या कलमाखाली आहे आणि सरकारी मदतीचे जे दरवाजे आपल्याला बंद असतात, त्यातले बरेच त्याला उघडे आहेत.

एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. ब्लॉक अकाउंटमधून आपण महिन्याला जे ९९२ युरो काढतो, तो आकडा जर्मन सरकारच्या विद्यार्थी-मदतीच्या कमाल रकमेवरून ठरलेला आहे. त्या मदतीचं नाव बाफोग. या लेखातला सगळ्यात मोठा भाग तिच्याबद्दलच आहे.

माझ्या ओळखीच्या एका मराठी मुलाने अगदी मनापासून एका सीरियन मित्राला सांगितलं होतं, "आधी अकरा-बारा हजार जमव, मगच अर्ज कर." त्या मित्राने त्यापायी अख्खं वर्ष गोदामात रात्रपाळी केली. सल्ला देण्याआधी पुढची पायरी वाचा.

२. कार्डावरचं कलम वाचा

पैशाचा प्रत्येक प्रश्न शेवटी इथेच येतो. विद्यार्थ्याकडचं रहिवासाचं कार्ड हातात घ्या आणि "आनमेर्कुंगन", म्हणजे शेरा, या सदरात जर्मनीच्या रहिवास कायद्याचं कोणतं कलम छापलंय ते पाहा.

कलम २५ पोटकलम १ किंवा २ असेल, म्हणजे आश्रय, निर्वासित दर्जा किंवा दुय्यम संरक्षण मिळालं असेल, तर बाफोगचा हक्क पहिल्या दिवसापासून आहे. देशात किती महिने काढले हे कुणी विचारत नाही.

कलम २४ म्हणजे युक्रेनहून आलेले. त्यांना १ जून २०२२ पासून बाफोग खुलं झालं.

कलम २५ पोटकलम ३, म्हणजे फक्त परत पाठवायला मनाई एवढंच मिळालेलं असेल, तर जर्मनीत १५ महिने पूर्ण व्हावे लागतात. "डुल्डुंग" असलेल्यांनाही, म्हणजे परत पाठवणं तात्पुरतं थांबवलेल्यांना, १५ महिन्यांचीच अट आहे.

"गेश्टाटुंग" असेल, म्हणजे आश्रयाचा अर्ज अजून निकाली निघालेला नसेल, तर बाफोग सहसा मिळत नाही. पण शिकायला बंदी आहे असा याचा अर्थ होत नाही. ही गफलत फार होते. अशा विद्यार्थ्याला आश्रय-अर्जदारांसाठीच्या कायद्याखाली सोशल कार्यालयाकडून भत्ता मिळत असतो आणि २०१९ मध्ये तो कायदा बदलल्यापासून विद्यापीठात नाव घातल्यावरही तो चालू राहू शकतो. नाव घालण्याआधी सोशल कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. खिडकीवरच्या माणसाने "हो, चालेल" म्हटलं तरी घरी येऊन दोन ओळींचा ईमेल टाका: आज आपण असं सांगितलंत, कृपया खात्री करावी.

३. प्रवेशाआधीचा खर्च

सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी शुल्कच नाही. दर सेमिस्टरला साधारण १०० ते ४०० युरो भरावे लागतात आणि त्यात बहुतेक ठिकाणी बस-ट्रेनचा पासही येतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात, पण मान्यताप्राप्त निर्वासितांना त्यातून सूट आहे. ती सूट मागावी लागते. प्रवेशाच्या कागदांसोबत कार्डाची प्रत आणि सूट मागणारा अर्ज जोडा, नाहीतर १,५०० चं बिल येतं आणि मूल घाबरून नाव काढून घेतं.

बरीच विद्यापीठं परदेशी प्रमाणपत्रं यूनि-असिस्टकडून तपासून घेतात. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात. निर्वासितांसाठी शुल्कमाफीचा वेगळा अर्ज आहे. आधी पैसे भरून मग माफी मागण्याच्या भानगडीत पडू नका.

हरवलेल्या प्रमाणपत्रांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुष्कळ मुलं इथेच हार मानतात. घर सोडताना गुणपत्रिका कोण उचलतं? जर्मनीच्या सर्व राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने डिसेंबर २०१५ मध्ये यासाठी तीन टप्प्यांची पद्धत ठरवून दिली आहे. आधी अर्जदार खरोखर निर्वासित आहे का ते पाहतात, मग त्याने सांगितलेला शिक्षणाचा प्रवास पटण्याजोगा आहे का ते तपासतात आणि शेवटी परीक्षा किंवा मुलाखतीतून पात्रता ठरवतात. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन "पळून यावं लागल्यामुळे कागद नाहीत" असं स्पष्ट सांगायचं. अर्धवट काहीतरी असेल, म्हणजे मोबाईलमधला गुणपत्रिकेचा फोटो, शाळेचं ओळखपत्र, वर्गाचा निकाल लावलेल्या फळ्याचा फोटो, तर सगळं न्यायचं.

इथे आपला मराठी माणसांचा एक खरा उपयोग आहे. पुण्यात अफगाणिस्तान, येमेन अशा देशांतली मुलं वर्षानुवर्षं शिकायला येत आली आहेत. त्यातलं कुणी पुढे जर्मनीत निर्वासित म्हणून पोहोचलं असेल, तर त्याची गुणपत्रिका, ट्रान्स्क्रिप्ट पुण्यातूनच काढावी लागते. मी वर सांगितलेल्या मुलीच्या भावाच्या ट्रान्स्क्रिप्टसाठी त्याच्याकडून अधिकारपत्र घेतलं, माझा आतेभाऊ दोन फेऱ्या मारून आला आणि पाकीट इथे आलं. आपल्यासाठी ते दोन सकाळींचं काम. त्याच्यासाठी तीन वर्षांचं शिक्षण परत हातात आलं.

भाषेसाठी विद्यापीठं बहुतेक अभ्यासक्रमांना सी-१, म्हणजे बरीच वरची, पातळी मागतात. नुसत्या भाषेच्या कोर्ससाठी बाफोग मिळत नाही हे लक्षात ठेवा. श्टुडिएनकोलेगचं, म्हणजे प्रवेशाआधीच्या तयारीचं वर्ष मात्र बाफोगमध्ये बसतं. अनेक विद्यापीठांत निर्वासितांसाठी भाषेचे आणि तयारीचे मोफत वर्ग आहेत. डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या "इन्टेग्रा" योजनेतून ते सुरू झाले. ३० वर्षांखालच्यांनी "बिल्डुंग्सबेराटुंग गारांटीफोंड्स होखशूल" या सल्लाकेंद्रात जर्मनीत आल्यावर होईल तितक्या लवकर जावं. सी-१ पर्यंतच्या कोर्सचा खर्च त्या निधीतून मिळू शकतो. पैसे नाही मिळाले तरी तिथली माणसं या विषयात मुरलेली असतात. एका तासाच्या भेटीत आमचे तीन महिन्यांचे गोंधळ सुटले.

४. गाव बदलण्याआधी राहण्याची अट उठवून घ्या

मान्यता मिळाल्यावर पहिली तीन वर्षं ठराविक राज्यात, कधी ठराविक गावातच राहायची अट असते. दुसऱ्या गावच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तर ही अट उठवता येते. त्यासाठी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात प्रवेशपत्र जोडून अर्ज करायचा. परवानगी हातात येण्याआधी सामान हलवू नका. खोलीचा करार झालेला, आणि नवं गाव नोंदणीच करून घेत नाही, अशा अवस्थेत मी एका मुलाला पाहिलं आहे.

५. बाफोग: कागद अपुरे असले तरी अर्ज आधी टाका

आता मुख्य गोष्ट.

२०२४ च्या हिवाळी सत्रापासून बाफोगची कमाल रक्कम महिन्याला ९९२ युरो आहे. त्यात ४७५ युरो जगण्याचे, ३८० युरो खोलीचे आणि स्वतःचा आरोग्यविमा असेल तर त्याचे १३७ युरो. आईवडिलांकडे राहणाऱ्याला खोलीचे फक्त ५९ मिळतात. रक्कम मधूनमधून बदलते, म्हणून अर्जाच्या वर्षीचा आकडा पाहून घ्या. शिक्षण सुरू करताना वय ४५ च्या आत हवं. आधी ही मर्यादा ३० होती, २०२२ मध्ये ती वाढवली. तिशीतला माणूस "माझं वय गेलं" म्हणाला तर त्याला हे जरूर सांगा.

यातली निम्मी रक्कम अनुदान असते, निम्मी कर्ज. कर्ज बिनव्याजी आहे आणि कितीही वर्षं शिकलं तरी परतफेड १०,०१० युरोंच्या वर जात नाही. हे शांतपणे समजावून सांगा. काही मुस्लिम घरांत व्याजाचं कर्ज घेत नाहीत, आणि "कर्ज" हा शब्द ऐकूनच अर्ज बाजूला ठेवला जातो. काबूलच्या त्या मुलीने "बिनव्याजी" हा शब्द मला तीनदा जर्मनमध्ये वाचून दाखवायला लावला, मग आईला फोन केला आणि मगच पेन उचललं.

आता तो गेलेला महिना. बाफोग अर्ज केलेल्या महिन्यापासून मिळतं. मागच्या महिन्याचं काहीही झालं तरी मिळत नाही. तिचं सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू झालं. फॉर्म सप्टेंबरमध्येच भरून तयार होता, फक्त वडिलांच्या उत्पन्नाचा फॉर्मब्लाट ३ रिकामा होता. वडील काबूलमध्ये, दुकान बंद, उत्पन्नाचा दाखला देणार कोण? आम्ही वाट पाहत राहिलो. तिच्या भावाने कुठून तरी एक शिक्का मारलेला कागद मिळवला, तो ३ नोव्हेंबरला आला आणि ४ तारखेला आम्ही सगळं एकत्र टाकलं. मंजुरीच्या पत्रात पहिली रक्कम नोव्हेंबरची होती. वर कळलं की त्या शिक्क्याच्या कागदाची गरजच नव्हती.

म्हणून दोन गोष्टी पाठ करून ठेवा.

पहिली: तारीख धरायला एक साधं सही केलेलं पत्र पुरतं. "मी अमुक तारखेपासून अमुक विद्यापीठात अमुक अभ्यासक्रम शिकणार आहे आणि बाफोगसाठी अर्ज करत आहे. फॉर्म आणि कागद मागाहून देते." नाव, जन्मतारीख, पत्ता, सही. हे पत्र सेमिस्टर सुरू होणाऱ्या महिन्याच्या शेवटच्या तारखेच्या आत विद्यार्थी कल्याण संस्थेतल्या, म्हणजे श्टुडिअरेन्डनवेर्कमधल्या, बाफोग कार्यालयात पोहोचलं पाहिजे. खिडकीवर देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. बाकीचे कागद पुढच्या आठवड्यांत एकेक करून गेले तरी चालतं.

दुसरी: आईवडिलांचा ठावठिकाणा माहीत नसेल, किंवा कायद्याने अथवा प्रत्यक्ष परिस्थितीमुळे ते जर्मनीत मुलाचा खर्च उचलू शकत नसतील, तर त्यांचं उत्पन्न धरलंच जात नाही. बाफोग कायद्याच्या कलम ११ पोटकलम २ अ मध्ये हे लिहिलेलं आहे. फॉर्मब्लाट ३ ऐवजी एक निवेदन द्यायचं: आईवडील कुठे आहेत, शेवटचं बोलणं कधी झालं, पैसे पाठवणं का शक्य नाही. खरं तेच, साध्या वाक्यांत. पानभर पुरे. हे लिहिताना मुलाला त्रास होतो. एका मुलाने वडिलांबद्दलच्या ओळीपाशी अर्धा तास काही लिहिलं नाही. मी चहा केला, आम्ही दुसरं काहीतरी बोललो, मग त्याने ती ओळ पूर्ण केली. या कामाला घाईची संध्याकाळ निवडू नका.

बाकीचे कागद एका फाइलमध्ये या क्रमाने लावा:

- फॉर्मब्लाट १, म्हणजे मुख्य अर्ज, आणि त्यासोबत शिक्षणाचा-कामाचा आजवरचा प्रवास
- फॉर्मब्लाट २ किंवा विद्यापीठाचं नावनोंदणीचं प्रमाणपत्र
- फॉर्मब्लाट ३, किंवा वर सांगितलेलं निवेदन
- फॉर्मब्लाट ४, परदेशी नागरिकांसाठीची पुरवणी
- रहिवासाच्या कार्डाच्या दोन्ही बाजू आणि मान्यतेचं पत्र
- भाडेकरार किंवा घरमालकाचा दाखला
- आरोग्यविम्याचं पत्र
- अर्जाच्या दिवशीची बँकेतली शिल्लक. ३० वर्षांखालच्याला १५,००० युरोंपर्यंतची बचत चालते
- स्वतःच्या नावावरचा खातेक्रमांक

शेवटच्या मुद्द्यावर जोर देते. पैसे मामाच्या, भावाच्या खात्यात मागवू नका.

शिक्षणाच्या प्रवासाच्या पानावर आधीची पदवी लपवायची नाही. मायदेशात पदवी झालेली असेल तर "आता परत पहिल्या पदवीला पैसे का?" असा प्रश्न कार्यालय विचारू शकतं. ती पदवी इथे कामाची का नाही हे समजावून सांगता येतं, पण लपवल्याचं नंतर उघड झालं तर घेतलेले पैसे परत मागतात. असं प्रकरण असेल तर फॉर्म भरण्याआधी श्टुडिअरेन्डनवेर्कच्या समाजसल्लागाराला भेटा. भेट मोफत असते.

निर्णयाला वेळ लागतो, कधीकधी फार. पण पहिल्या अर्जावर सहा आठवड्यांत निर्णय झाला नाही किंवा दहा आठवड्यांत पैसे आले नाहीत, तर अपेक्षित रकमेच्या चार-पंचमांशापर्यंत उचल चार महिने देण्याची तरतूद कायद्याच्या कलम ५१ मध्ये आहे. कार्यालय आपण होऊन हे सांगेलच असं नाही. कागद द्यायला उशीर आपल्याकडून झालेला नसेल तर कलमाचा आकडा लिहून मागा.

६. जॉबसेंटरचा भत्ता कधी थांबतो

मान्यता मिळालेली बहुतेक मुलं जॉबसेंटरच्या, म्हणजे पुरेसं उत्पन्न नसलेल्यांना जगण्यापुरते पैसे देणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, भत्त्यावर असतात. बाफोगमध्ये बसणाऱ्या शिक्षणाला नाव घातलं की तो भत्ता थांबतो, मग बाफोगचे पैसे आलेले असोत वा नसोत. आईवडिलांच्या घरी राहणाऱ्यांना काही अपवाद आहेत. एकट्याने वसतिगृहात राहणाऱ्याला नाहीत.

यातून दोन चुका होतात. एक म्हणजे जॉबसेंटरला न कळवणं. दोन-तीन महिने पैसे येत राहतात, मग सगळे परत करा म्हणून पत्र येतं आणि त्या वेळी खात्यात काही नसतं. प्रवेशपत्र आलं त्याच आठवड्यात कळवा. दुसरी चूक याच्या उलट. बाफोगचा अर्ज टाकण्याआधीच, प्रवेश अजून पक्का नसताना, "मी शिकायला जाणार" म्हणून भत्ता सोडून देणं. नावनोंदणी प्रत्यक्ष होईपर्यंत हक्क आहे, तो सोडू नका.

शिक्षण सुरू होण्याच्या पहिल्या महिन्यासाठी जॉबसेंटर कर्जाऊ मदत देऊ शकतं. बाफोगचा हप्ता महिनाअखेरीस येणार आणि भाडं एक तारखेला द्यायचं, ही फट त्यातून बुजते. आम्हाला हे तेव्हा माहीत नव्हतं. ऑक्टोबरमध्ये तिच्याकडे ना जॉबसेंटरचे पैसे ना बाफोगचे. ती माझ्याकडे जेवायला यायची आणि निघताना पातेलं घासून जायची. मी नको म्हटलं तरी ऐकायची नाही. भाडं एका चर्चच्या विद्यार्थी केंद्राच्या आपत्ती निधीतून भागलं. मुलगी मुसलमान आहे, हे कुणी विचारलंही नाही.

७. एकदाच मिळणारे १,००० युरो

"श्टुडिएनश्टार्टहिल्फ" ही मदत २०२४ च्या हिवाळी सत्रापासून सुरू झाली. पहिल्यांदाच विद्यापीठात नाव घालणाऱ्या, २५ वर्षांखालच्या, आणि सेमिस्टर सुरू होण्याआधीच्या महिन्यात स्वतः किंवा घरच्यांना जॉबसेंटरचा भत्ता, घरभाडं मदत किंवा आश्रय-अर्जदारांचा भत्ता मिळत असलेल्यांसाठी ती आहे. परत करायची नाही, बाफोगमधून वजाही होत नाही. अर्ज ऑनलाइन. मुदत सेमिस्टर सुरू झालेल्या महिन्याच्या पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत. त्यानंतर नाही. लॅपटॉप आणि खोलीची अनामत याच पैशातून निघते, म्हणून बाफोगच्या पत्रासोबत त्याच दिवशी हेही उरकून टाका.

८. शिष्यवृत्त्या

डॉइचलांडश्टिपेन्डियुम: महिन्याला ३०० युरो, निम्मे केंद्र सरकारचे आणि निम्मे खाजगी देणगीदारांचे. राष्ट्रीयत्वाची अट नाही, आईवडिलांचं उत्पन्न पाहत नाहीत आणि बाफोग जसंच्या तसं चालू राहतं. अर्ज आपल्याच विद्यापीठात करायचा. गुणांसोबत माणसाने काय सोसून इथवर मजल मारली हेही पाहतात. काबूलच्या मुलीला पहिल्या वर्षी नाही मिळाली, दुसऱ्या वर्षी मिळाली. अर्जात तिने घरी धाकट्या भावंडांना शिकवल्याचं लिहिलं होतं. ते लिहायला मी तिच्या मागे लागले होते, कारण तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

त्याखेरीज सरकारी पैशावर चालणाऱ्या १३ मोठ्या शिष्यवृत्ती संस्था आहेत. हाइनरिश ब्योल, फ्रीडरिश एबर्ट, कोनराड आडेनाउअर या राजकीय पक्षांच्या जवळच्या. हान्स ब्योकलर कामगार संघटनांची. आविसेना मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी. त्यांची मूळ रक्कम बाफोगच्या हिशेबाने ठरते, वर पुस्तकांसाठी ३०० युरो मिळतात, आणि यातलं काहीच परत करायचं नसतं. निवड कडक आहे, निबंध आणि मुलाखती असतात. पहिल्या सेमिस्टरमध्येच अर्ज करण्याकडे कल ठेवा, कारण काही संस्था अभ्यासक्रमाचा बराच भाग उरलेला असला तरच घेतात.

बाफोग मंजूर झालं की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीतून, म्हणजे महिन्याच्या १८.३६ युरोंतून, सूट मागता येते. आईवडिलांपासून वेगळं राहणाऱ्यांना ती मिळते, मात्र अर्ज करावाच लागतो.

९. सोबत नोकरी

कलम २५ पोटकलम १ किंवा २ वाल्यांना कामाची पूर्ण मुभा आहे. डुल्डुंग किंवा गेश्टाटुंग असेल तर परवानगी घ्यावी लागते. ठराविक मर्यादेपर्यंतच्या कमाईने बाफोग कमी होत नाही. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर गेलं तर विद्यार्थ्याचा स्वस्त आरोग्यविमा धोक्यात येतो. माझं मत विचाराल तर पहिल्या सेमिस्टरला नोकरी नकोच. घरी पैसे पाठवायचा दबाव असतो, तो मी पाहिलाय आणि त्याला सोपं उत्तर नाही. पण चौथ्या सेमिस्टरनंतर बाफोग कार्यालय अभ्यास वेळेवर चालू असल्याचा दाखला मागतं. रात्रपाळ्यांत तो गेला तर महिन्याचे ९९२ युरोही जातात.

१०. नकार आला तर

पत्र पूर्ण वाचा, शेवटच्या परिच्छेदापर्यंत. दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची हे तिथे लिहिलेलं असतं. मुदत सहसा एक महिन्याची असते आणि ती पत्र मिळाल्यापासून चालू होते, म्हणून पाकीटही जपून ठेवा. विद्यार्थी संघटनेकडे बहुधा मोफत कायदा सल्ला असतो. मी पाहिलेल्या दोन नकारांपैकी एक केवळ चुकीचं कलम वाचल्यामुळे आला होता. कार्डाची स्पष्ट प्रत आणि चार ओळी पाठवल्यावर तो फिरला. दुसरा फिरला नाही. त्या मुलाने श्टुडिएनकोलेगपासून पुन्हा सुरुवात केली.

तोवरच्या महिन्यांसाठी श्टुडिअरेन्डनवेर्कचं तातडीचं बिनव्याजी कर्ज आणि कॅथलिक, प्रोटेस्टंट विद्यार्थी केंद्रांचे आपत्ती निधी अनेक शहरांत असतात. तिथे लाजू नका असं सांगून भागत नाही, पहिल्या वेळी सोबत जा.

११. दर वर्षी पुन्हा

बाफोग साधारण १२ महिन्यांपुरतं मंजूर होतं. पुढच्या वर्षाचा पूर्ण अर्ज आधीची मुदत संपायच्या किमान दोन महिने आधी गेला, तर हप्ते मध्ये तुटत नाहीत. सप्टेंबरअखेर मुदत संपत असेल तर जुलै संपायच्या आत. रहिवासाच्या कार्डाची मुदतही त्याच सुमारास संपत असेल, तर त्याची भेटीची वेळ आधी घ्या. काही शहरांत ती महिनोन्महिने मिळत नाही. नवं कार्ड येईपर्यंत मिळणारा तात्पुरता दाखला बाफोग कार्यालयाला लगेच पाठवा. आम्ही दोघींनी मोबाईलमध्ये १ जूनची आठवण लावून ठेवली आहे. ती वाजली की तिचा मेसेज येतो, "ताई, चला."